घंटा घाटावर गेल्या, लढाई किनाऱ्यावर राहिली

मागच्या मे महिन्यात नवापूरच्या एका तांडेलांना घेऊन मी वसईला गेलो. वय सत्तरीच्या पुढचे, सारे आयुष्य दर्यावर गेलेले. बोईसरला लोकल धरायची, विरारला गाडी बदलायची, वसई रोडला उतरून किल्ल्यापर्यंत रिक्षा, एवढाच प्रवास. तरी तांडेल किल्ल्यात पहिल्यांदाच येत होते. चिमाजी आप्पांच्या स्मारकापाशी आम्ही हात जोडले. शेजारी एका शाळेची सहल उभी होती आणि गुरुजी मुलांना सांगत होते, "फिरंगी समुद्राचा राजा, आपण जमिनीचे. आप्पांनी त्याला जमिनीवर गाठला, तटाखाली सुरुंग लावले आणि किल्ला घेतला." मुलांनी जयजयकार केला. आम्ही तटाच्या कडेने बंदराच्या बाजूला गेलो. भरती लागली होती. तांडेल खाडीच्या मुखाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मास्तर, जवळजवळ सगळीकडून पाणी आहे. भरतीला गलबत थेट तटाखाली येईल. मग आतल्या माणसांना बाहेरून कुमक का नाही आली? तीन महिने ह्यांची जहाजं काय करत होती?"

वसईवर मी आजवर जेवढी व्याख्याने ऐकली, जेवढे लेख वाचले, त्यांतल्या फार थोड्यांत हा प्रश्न नीट विचारलेला आहे. तो न विचारल्यामुळेच एक समज आपल्याकडे रुजला आहे. हा लेख त्या समजाविरुद्ध आहे.

समज असा. १७३७ ते १७३९ ही वसईची मोहीम म्हणजे जमिनीवरची मोहीम. शिवछत्रपतींनी आरमार उभारले, कान्होजी आंग्र्यांनी ते गाजवले, आणि १७२९ साली कान्होजी गेल्यावर मराठ्यांची समुद्रावरची दृष्टी संपली. पेशवे घाटावरचे, त्यांना घोडा कळत होता, तारू कळत नव्हते. वसई पडली ती सुरुंगांनी आणि मावळ्यांच्या छातीने. समुद्राचा त्यात काही संबंध नाही.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही, हे आधीच मान्य करतो. त्याच्या बाजूने तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत. पहिली, पोर्तुगीजांच्या मोठ्या लढाऊ जहाजांशी उघड्या समुद्रात भिडेल असे आरमार चिमाजी आप्पांजवळ नव्हते. दुसरी, वसईच्या तटाला भगदाड पडले ते जमिनीच्या बाजूने, सांत सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवून. तिसरी, पुढे १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि विजयदुर्गापाशी मराठ्यांचेच आरमार जळाले. या तिन्हींना उत्तर दिल्याशिवाय माझे म्हणणे उभे राहत नाही, म्हणून तिथपर्यंत क्रमाने जातो.

आधी नकाशा पाहू. पुस्तकातला नव्हे, पायाखालचा. डहाणूपासून वसईपर्यंतचा किनारा म्हणजे खाड्यांची माळ आहे. डहाणूची खाडी, तारापूर-चिंचणीची खाडी, सातपाटी-शिरगावची, केळवे-माहीमजवळची दांड्याची, दातिवऱ्यापाशी वैतरणेचे मुख आणि शेवटी वसईला उल्हासचे. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाकडून. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत त्यांनी या किनाऱ्यावर जे कोट आणि बुरूज उभे केले किंवा जुने होते ते मजबूत केले, ते या खाड्यांच्या तोंडांशी आहेत. केळव्याचा पाणकोट पाहावा. ओहोटीला चिखल तुडवत चालत जाता येते, भरतीला चहूकडून पाणी, आणि बांधणी जहाजाच्या आकाराची. शिरगावचा कोट लाटांच्या अगदी जवळ. (त्याच्या आवारातले फांद्या फुटलेले रावणताड पाहायला लोक येतात आणि बुरूज न पाहताच जातात, याचे मला दर वेळी वाईट वाटते.) हे किल्ले मुलूख राखण्यासाठी बांधलेले दिसत नाहीत. मुलूख राखायचा तर अशेरीसारखा डोंगर हाती हवा आणि तो त्यांनी वेगळा राखलाही होता. किनाऱ्यावरचे हे कोट म्हणजे दमणपासून वसईपर्यंतच्या दर्यावरच्या रस्त्यावरची नाकी होती. एका नाक्याला वेढा पडला की शेजारच्या नाक्यावरून होड्या निघत.

आता मोहिमेचा क्रम पाहा. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीत पाय रोवला. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही या भागातली माणसे त्यांच्या बाजूला होती. कोणत्या खाडीला कुठे उतार आहे आणि पाणी केव्हा उतरते हे त्यांना ठाऊक होते. पण ठाण्यानंतर लगेच, त्याच मोसमात, मराठ्यांनी काय घेतले? अर्नाळा. वैतरणेच्या मुखासमोरचे बेट. जमिनीवरून वसई जिंकायचीच ज्यांची कल्पना होती, त्यांना एका बेटावर माणसे घालवण्याचे काय कारण होते? बेटावर घोडे जात नाहीत. तिथे नुसते निशाण लावून ते थांबले नाहीत. शंकराजी केशवांच्या देखरेखीखाली तिथे नवा, भक्कम किल्ला उठवला. अर्नाळ्याचे महत्त्व एकच: उत्तरेकडून वसईकडे येणारे तारू तिथून दिसते आणि अडवता येते.

वसईला मात्र त्या वर्षी यश आले नाही. १७३७ च्या पावसाळ्यात वेढा घातला, हल्ले केले, माणसे पडली, किल्ला हलला नाही. पुढच्या वर्षाच्या आरंभी केळवे-माहीमला त्याहून मोठा फटका बसला. वेढा उठवून मागे यावे लागले. त्या वेळी आजूबाजूचा सारा मुलूख मराठ्यांच्या हाती होता. तरी कोटातली शिबंदी टिकली, म्हणजे तिला बळ कोणत्या वाटेने मिळत होते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. पूर्वपक्ष १७३९ च्या सुरुंगाकडे बोट दाखवतो; मी १७३७ आणि १७३८ च्या अपयशांकडे दाखवतो. फौज तीच होती, छाती तीच होती, जमीनही तीच होती. पाणी शत्रूचे होते म्हणून किल्ला पडला नाही. नुसत्या जमिनीवरून वसई घेता येत असती तर ती १७३७ सालीच पडली असती.

पोर्तुगीजांनाही आपले बळ कशात आहे ते ठाऊक होते. १७३८ च्या अखेरीस त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो ठाणे परत घेण्यासाठी निघाला तो खाडीतून, जहाजे घेऊन. काठावर मराठ्यांच्या तोफा लागलेल्या होत्या. गोळा लागून तो तिथेच पडला आणि मोहीम फसली. काठावरच्या तोफेने खाडीतले जहाज अडते, हा धडा मराठ्यांना त्या दिवशी पुन्हा मिळाला.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पा स्वतः उतरले. वसई समोर असताना त्यांनी वसईला हात घातला नाही. ते उत्तरेला वळले. आणि त्या एका महिन्यात काय काय पडले ते नीट पाहावे: माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू आणि तारापूर. मी वर खाड्यांची जी माळ सांगितली तीच, एकेक मणी ओढून काढलेली. दमण आणि वसई यांच्यामधली सगळी नाकी गेली. दमणहून कुमक निघालीच तर तिला वाटेत ना पाणी भरायला जागा, ना वाऱ्यात आडोसा. ज्याला समुद्र कळत नाही तो सेनापती मुख्य किल्ला सोडून अशा पाच-सहा कोटांवर महिना घालवत नाही.

तारापूर त्यातले सर्वांत अवघड निघाले. आज तारापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते, नाही तर बोईसरची औद्योगिक वसाहत. किल्ला गावात आहे आणि बऱ्याच गावकऱ्यांनाही तो वाडीचा तट म्हणूनच माहीत आहे. पेशव्यांनी पुढे तो इथल्या विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांना इनाम दिला, त्यामुळे आत पूर्वीपासून झाडेझुडे, विहीर, शेतीवाडी. मी त्या तटाला हात लावून अनेकदा उभा राहिलो आहे. घडीव दगड खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला, सांध्यात चुना अजून घट्ट. बाहेरून उंची फारशी वाटत नाही, पण पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की शिडी लावणाऱ्याच्या पोटात काय कालवले असेल ते कळते. २४ जानेवारी १७३९ रोजी मराठे इथे आत शिरले. किल्लेदार लुईस व्हेलोसो लढता लढता पडला. फिरंगी शेवटपर्यंत शर्थीने लढला, ही कबुली मराठ्यांच्या बाजूच्या पत्रांतही आहे. आणि याच वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून गेले. पेशवे बंधूंना ते पाठच्या भावासारखे होते. त्यांच्या आईला, वेणूबाईंना, पेशव्यांच्या घरून गेलेले सांत्वनाचे पत्र मराठी पत्रवाङ्मयात अजून वाचले जाते. ते पत्र वाचून डोळे भरून येणाऱ्या माणसांना मी विचारतो, बाजी भिवराव ज्या कोटासाठी गेले तो कोट कशाचा होता? तारापूर पडल्याने एक परगणा मिळाला, एवढेच आपण म्हणतो. त्या मृत्यूने दमणची वाट बंद झाली, हे म्हणत नाही.

उत्तर दिशा बंद झाल्यावर १७ फेब्रुवारीला वसईचा शेवटचा वेढा सुरू झाला. त्याबरोबर दक्षिणेची कवाडेही लागत गेली. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठाला धारावीचे ठाणे आहे. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही, हे भाईंदरच्या पश्चिमेचे. तिथे जो तोफ लावील त्याच्या हाती खाडीचे तोंड. ते पोर्तुगीजांनी आटोकाट राखले होते आणि मराठ्यांनी मार्च १७३९ मध्ये ते घेतले, वेसावेही गेले. बाहेर समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्र्यांची तारवे होती.

मानाजींच्या आरमाराबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा इथेच आहे. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे, पुढून निमुळते जहाज. गलबत त्याहून लहान, शिडावर चालणारे आणि वारा पडला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. दोन्हींचा तळ उथळ. उघड्या समुद्रात पोर्तुगीजांच्या मोठ्या जहाजाने एका बाजूच्या तोफा डागल्या की गलबताचे काही खरे नसे, हे कबूल. पण खाडीच्या मुखाशी हिशेब उलटा होतो. तांडेल मला म्हणाले तसे, "ओहोटीला मोठं जहाज बाहेर नांगरावर थांबणार. लहान होडी त्याच्याभोवती फिरेल. भांगाच्या दिवसांत (लहान भरती असते तेव्हा) तर मोठ्याला आत यायचीच पंचाईत." रसद शेवटी मोठ्या जहाजातून तटापर्यंत जात नाही, ती होड्यांत उतरवावी लागते, आणि होडीला अडवायला गलबत पुरते. तेव्हा चिमाजी आप्पांजवळ मोठे आरमार नव्हते हा मुद्दा खरा असूनही लागू पडत नाही. त्यांना समुद्र जिंकायचा नव्हता. शत्रूला किनाऱ्याला लागू द्यायचे नव्हते, एवढेच साधायचे होते, आणि त्यासाठी काठावरची तोफ आणि उथळ गलबत ही जोडी नेमकी होती. या प्रकाराला आरमारी युद्ध म्हणायचे नाही असे कोणी ठरवले असेल, तर त्याने आरमारी युद्धाची व्याख्या इंग्रजांच्या पुस्तकातून उचलली आहे.

उरला प्रश्न गोव्याचा. वसईला खरी कुमक येण्याजोगी जागा तीच. त्याच जानेवारीत व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर गोव्याच्या साष्टीत उतरले, मडगाव घेतले आणि राशोलला वेढा घातला. गोव्याच्या व्हाइसरॉयला, काउंट सांदोमिलला, स्वतःचेच घर राखायची वेळ आली. उत्तरेला पाठवायला माणसे आणायची कुठून? एकाच महिन्यात तारापूर आणि मडगाव. मधे शेकडो मैलांचा किनारा. हा योगायोग मानायला मी तयार नाही. एका किनाऱ्याची दोन टोके एकदम दाबायची, म्हणजे मधल्या पाण्यातून काही हलणार नाही, ही आखणी समुद्र डोळ्यांसमोर ठेवूनच होते. मुंबईच्या इंग्रजांनी थोडा दारूगोळा आणि वसईची तारण ठेवलेली चांदी व तोफा यांवर पंधरा हजार रुपयांचे कर्ज, यापलीकडे काही केले नाही.

तांडेलांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. जहाजे होती, त्यांना येण्याच्या वाटा तीन आणि लागण्याच्या जागा सात-आठ. त्या सगळ्या वसईच्या तटाला पहिली कुदळ लागण्याआधी किंवा लागत असतानाच बंद झालेल्या होत्या. मग सुरुंग उडाले. सुरुंगाचे श्रेय मी कमी करत नाही. वेढा सुरू झाल्यापासून मराठ्यांची जी माणसे पडली आणि जखमी झाली त्यांची संख्या इतिहासकार ग्रँट डफने चिमाजी आप्पांच्याच कबुलीवरून पाच हजारांच्या वर दिली आहे. त्या मरणांपुढे कोणताही युक्तिवाद लहान आहे. पण तटाच्या भगदाडातून आत गेल्यावर आतली शिबंदी थकलेली आणि उपासाला लागलेली होती, नवे रक्त तिला मिळालेले नव्हते, म्हणून १६ मे रोजी तह झाला. २३ मेला पोर्तुगीज सन्मानाने, कुटुंबकबिल्यासह बाहेर पडले. त्यांच्या हातून गेलेल्या प्रांताची मोजदाद आठ शहरे, वीस किल्ले आणि ३४० गावे अशी दिली जाते.

एक साक्षीदार पूर्वपक्षाने कधी उभा केला नाही, तो मुंबईचा. वसई पडल्यावर त्याच वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढून कोटाभोवती खंदक खणायला घेतला. जुलैत कॅप्टन इंचबर्ड वसईला येऊन चिमाजी आप्पांशी तह करून गेला आणि त्याच सुमारास कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे जाऊन आला. मुंबई तेव्हा बेट होते. नुसत्या घोडदळाची भीती बेटावरच्या माणसाला वाटत नाही. शेजारचे पाणी ओलांडणारा शत्रू आला आहे हे ज्यांना कळले, ते खंदक खणायला लागले. त्या काळच्या गुजराती आणि पारशी सावकारांना जे दिसले ते आज आपल्याला दिसू नये, याचे मला नवल वाटते.

आता १७५६. विजयदुर्गाचे दुःख माझ्याही मनात आहे. आंग्र्यांशी असलेला घरगुती तंटा मिटवायला वॉटसन आणि क्लाइव्ह यांना बोलावणे ही पेशवाईची मोठी चूक होती आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचे माझ्या मनात नाही. पण सतरा वर्षांनंतरच्या, दुसऱ्या पेशव्याच्या चुकीवरून आधीच्या मोहिमेचा अर्थ लावणे हा कोणता न्याय? नातवाने शेत विकले म्हणून आजोबांना शेती येत नव्हती असे आपण म्हणतो का? शिवाय १७५६ नंतर सारे संपले हेही खरे नाही. वसईनंतर पेशव्यांनी इथे आरमारी सुभा ठेवला. विजयदुर्गाला आनंदराव धुळपांनी आरमार पुन्हा बांधले आणि एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ रेंजर हे इंग्रजी जहाज लढून पकडले. जाता जाता दुसऱ्या टोकालाही एक शब्द. अलीकडे काही उत्साही मंडळी वसईला मराठी आरमाराने पोर्तुगीज आरमार बुडवले असे लिहितात. तसे झालेले नाही. समुद्राचा वाटा सिद्ध करायला खोट्या लढाईची गरज नाही.

मग हा समज इतका पक्का का झाला? माझ्या मते घंटांमुळे.

वसई जिंकल्यावर चर्चच्या मोठ्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणीसांच्या वाड्यामागे एक आहे. तिच्यावर बालयेशूला घेतलेली मरियम मी स्वतः बोटांनी चाचपून पाहिली आहे, दोनशे ऐंशी वर्षे मराठी हात लागून गुळगुळीत झालेली. वज्रेश्वरीला आप्पांनी नवस बोलला आणि फेडला. तिथले कोटासारखे देऊळ आणि नगारखाना त्याचीच खूण. या सगळ्या खुणा डोंगराच्या पायथ्याशी किंवा डोंगरापलीकडे गेल्या. वसईच्या युद्धाचे संग्रहालय तेव्हापासूनच उभे आहे, फक्त ते देशावर विखुरलेले आहे. तिथल्या माणसाने घंटा वाजवली की त्याला घोडे आठवतात, पालख्या आठवतात, घाट चढून येणारी बैलगाडी आठवते. भरती आठवत नाही.

कागदांचेही तसेच झाले. पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचा सोळावा खंड गो. स. सरदेसायांनी केवळ वसईच्या मोहिमेला दिला. तो खंड हा आपल्या इतिहासाचा मोठा ठेवा आहे आणि य. न. केळकरांचे 'वसईची मोहीम' हे पुस्तकही. पण पत्रे लिहिणारे बहुतेक सरदार मोर्चात बसलेले होते. ते शिडी, सुरुंग आणि जखमी यांचे लिहिणार. समोरच्या पाण्यात गलबत रात्रभर कुठे उभे होते हे लिहिण्याचे त्यांना कारण नव्हते. गलबतावरचा तांडेल पत्रे लिहीत नव्हता. गोव्याच्या दप्तरात बसून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज बाजूचे कागद काढले तेव्हा समुद्राची बाजू दिसू लागली, पण ती शाळेच्या पुस्तकापर्यंत उतरली नाही.

मग किनाऱ्याची ही आठवण जपायची कशी? पालघरला स्मारक कसे राखावे हे शिकवावे लागत नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तहसील कचेरीवरच्या मोर्चात गोळीबार झाला आणि काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, रामचंद्र महादेव चुरी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण गेले. आजही त्या तारखेला हुतात्मा चौकात माणसे जमतात, बाजार बंद राहतो, शाळेतल्या मुलांना ही पाच नावे येतात. त्या पाचांतले काही आडनावांनी आणि गावांनी याच किनारपट्टीचे. जो तालुका हे करू शकतो तो तारापूरसाठी आणि अर्नाळ्यासाठी का करू शकणार नाही?

युद्धाचे आरमारी स्मारक म्हटले की आपल्याला मोठे जहाज हवे असते. मुंबईला जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' होती तेव्हा बोईसरच्या शाळांच्या सहलीही तिथे जात. मुले विमाने पाहून हरखून यायची. १९९७ साली ती सेवेतून निघाली, काही वर्षे संग्रहालय म्हणून नांगरून होती, आणि २०१४ साली ती तोडायला गेली. जहाजाचे स्मारक गंजते, त्याला सांभाळायला कोट्यवधी रुपये लागतात. इथला किनारा गंजणार नाही. मला इथे इमारत नको आहे. डहाणू, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, अर्नाळा, धारावी, वसई या आठ जागी एकेक दगडी फलक हवा: हा कोट कोणती खाडी राखत होता, या मोहिमेत तो कोणत्या दिवशी पडला, आणि तो पडल्याने कोणती वाट बंद झाली. भरती-ओहोटीची रेषा दाखवणारा एक नकाशा हवा. आणि ते सांगायला इथलेच तांडेल हवेत, ज्यांना उधाण आणि भांग यांतला फरक रक्तातून कळतो.

वसईहून परतताना आम्ही विरारला उतरलो आणि अर्नाळ्याला गेलो. किनाऱ्यावरून होडी बेटावर नेते. पाणी कमी असेल तर गुडघाभर पाण्यातून चढावे लागते. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, वाटेत मासळी वाळत घातलेली असते. किल्ल्याच्या दाराशी दोन भक्कम बुरूज, वर कोरलेले हत्ती, आणि कमानीवर एक शिलालेख. तांडेलांना ओळी लागेनात म्हणून मी वाचून दाखवला. त्याचा भावार्थ असा, की बाजीरावाने शंकराला (शंकराजी केशवांना) आज्ञा केली: पाश्चात्यांना मार आणि समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांध. पेशव्यांना समुद्र कळत होता का, या वादाचे उत्तर पेशव्यांनीच दगडात कोरून ठेवले आहे. तांडेल ऐकून म्हणाले, "पुन्हा वाचा."

तो लेख मराठी वाचकासाठी लिहिलेला आहे, अक्षरे देवनागरी आहेत. विरारहून बस मिळते, किनाऱ्यावरून होडी मिळते. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जा आणि त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या.